बंद पाकिटातली शिफारस

चिरंजीव एकट्यानं परदेशप्रवासाला निघणार होते, म्हणून घरातली बाकीची तीनही माणसं आठवडाभर कामाला जुंपली गेली होती.

विद्यापीठ दरवर्षी एका विद्यार्थ्याला फेलोशिप देऊन दहा महिने परदेशात धाडत असे. अट एकच, जायचं एकट्यानं. सोबतीला कोणी नाही, सहल कंपनी नाही, नातेवाइकांकडे मुक्काम नाही. चिरंजीव चोवीस वर्षांचे होते आणि अर्ज हातात यायच्या आधीच त्यांनी विभागात ‘आपलं नक्की झालंय’ असं सांगून टाकलं होतं. दोन मित्रांनी तर त्यांना निरोपाची पार्टीही देऊन टाकली होती, आणि चिरंजीवांनी ती खाल्लीही होती. आता फेलोशिप मिळाली नाही तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. एवढं संकट ओढवून घेतल्यावर त्यांनी अर्ज धाकट्या बहिणीच्या पुढ्यात टाकला आणि आपण सोफ्यावर आडवे झाले.

धाकटी त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. ‘मला एकट्याने प्रवास का करायचा आहे’ हा पाचशे शब्दांचा निबंध तिनं लिहिला. चिरंजीवांनी डोळे मिटून ऐकला आणि ‘अजून जरा खोल पाहिजे’ एवढी दुरुस्ती सुचवली. दाखल्यांसाठी बाबांनी तीन कचेऱ्यांत टाचा झिजवल्या. सही मात्र चिरंजीवांनी स्वतः केली, आईनं पेन शोधून दिल्यावर.

घोडं अडलं ते शेवटच्या कलमावर. अर्जदारासोबत एका छपराखाली किमान दहा वर्षं राहिलेल्या माणसानं त्याच्याबद्दल मोकळेपणानं पत्र लिहायचं होतं. पत्र बंद पाकिटात द्यायचं, अर्जदारानं ते वाचायचं नाही.

“मी लिहितो,” बाबा म्हणाले. “पण खरं लिहीन.”

बाबा तिथेच बाद झाले. धाकटीचा तर प्रश्नच नव्हता, तिला काय कळतंय असं चिरंजीवांचं जुनं मत होतं. उरली आई. आईच्या कौतुकाला मुळातच बांध नव्हता. तिनं दोन दुपारी दार लावून घेतलं आणि डोळे पुसत चार पानं भरली. चिरंजीवांनी तिला बजावलं होतं, “हात राखून लिहू नकोस.” तिनं राखला नाही. पाकीट धाकटी जाऊन देऊन आली, कारण कुठल्या खिडकीवर द्यायचं हे चिरंजीवांना ठाऊक नव्हतं.

मुलाखतीला उमेदवारानं एकट्यानं यावं असं बोलावण्याच्या पत्रात ठळक छापलेलं होतं. त्याप्रमाणे चिरंजीव आई आणि धाकटी यांच्यासह हजर झाले. आई आली, कारण ते सकाळी नीट जेवले नव्हते. धाकटी आली, कारण इमारत कुठली हे बाकी दोघांना माहीत नव्हतं. त्या दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या आणि चिरंजीव कॉलर ठीक करून आत गेले.

आत लांब टेबलामागे तीन माणसं होती. मधल्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“हे पत्र तुम्ही वाचलंय का?”

“नाही. पण आईनं अगदी मनापासून लिहिलंय,” चिरंजीव म्हणाले.

“ते दिसतंय,” बाई म्हणाल्या आणि वाचू लागल्या. त्यांचा आवाज वीजबिल वाचावं तितका कोरडा होता. “‘माझा मुलगा इतका गुणी की त्यानं घरात कधी इकडची काडी तिकडे केली नाही. माशातले काटे अजून मीच काढून देते, तो तक्रार करत नाही. एकटा कुठे भटकण्याची वाईट सवय त्याला नाही. मोठा रस्ता ओलांडायचा झाला तर तो कोणीतरी येईपर्यंत शांतपणे थांबतो. परवा बाहेरगावी लग्नाला गेला तेव्हा दिवसातून अकरा फोन केले. असा मायाळू मुलगा मिळायला नशीब लागतं.’”

उजवीकडचे भूगोलाचे प्राध्यापक एकाएकी खिडकीबाहेर पाहू लागले. चिरंजीवांचे कान तापले. ते म्हणाले की आई जरा हळवी आहे, तिचं एवढं मनावर घेऊ नये. बाईंनी त्यांच्याकडे लक्ष न देता पान उलटलं.

“‘नाहीतर याची धाकटी बहीण. कोणाला विचारणं नाही, सांगणं नाही, उठली की निघाली. मागच्या वर्षी परक्या गावी गाडी चुकली, तर भाजीच्या ट्रकमध्ये बसून आली आणि वर ड्रायव्हरलाच जवळचा रस्ता दाखवत होती. सुट्टीत जिथली भाषा येत नाही तिथं आठ दिवस राहिली. तिथल्या एका म्हातारीशी अशी गट्टी जमवली की ती बाई अजून हिला पत्रं पाठवते. माझा जीव खालीवर होतो आणि ही हसते. अशा मुलीला कृपा करून कुठेही पाठवू नका.’”

बाईंनी पत्राची घडी घातली. ही बहीण असते कुठे, असं त्यांनी विचारलं. बाहेरच्या बाकावर, असं चिरंजीवांना सांगावं लागलं.

समितीला स्वतःहून एक उमेदवार बोलावता येतो, असा एक नियम होता. वीस वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. त्या दुपारी लावला. धाकटी आत गेली ती पाऊण तास बाहेर आली नाही. मग आईला बोलावलं आणि पत्रातलं सगळं खरं ना, असं विचारलं.

“एक अक्षर खोटं नाही,” आई म्हणाली. “पण बाई, मी तिची तक्रार केली होती.”

“हो. इतकी भक्कम शिफारस या टेबलावर आजवर आली नव्हती.”

आई चार दिवस कोणाशी बोलली नाही. बाबा मात्र त्या चार दिवसांत न्हाणीघरात शीळ घालत होते. चिरंजीवांनी विभागात सांगितलं की आपली निवड झालीच होती, पण बहिणीचं मन मोडवेना. आता एवढा मोठा त्याग केला म्हटल्यावर तिला विमानतळावर पोहोचवायला जाणं भाग होतं. आईला रडू आवरत नव्हतं म्हणून ती घरीच थांबली, आणि तिच्याजवळ बाबा. टॅक्सीत सामान बाबांनी चढवलं, विमानतळावर धाकटीनं उतरवलं. मग ती भावाच्या पाया पडली आणि हात हलवत आत निघून गेली. काचेचं दार बंद झाल्यावर चिरंजीवांच्या लक्षात आलं की टॅक्सीही गेली, आणि घराकडे बस कुठली जाते हे विचारायचं राहिलं.

तासाभरानं घरी फोन वाजला. चौकशीच्या खिडकीवरची बाई बोलत होती. तुमचा मुलगा मघापासून इथे उभा आहे, घ्यायला कोणी येताय का, असं ती विचारत होती. आईनं सवयीनं चपला पायात सरकवल्या. मग ती थबकली. बाबा पेपरच्या वरून तिच्याकडे पाहत होते.

“त्यानं काही खाल्लंय का?” आईनं फोनवर विचारलं.

“हो, दोन सँडविच.”

“मग येईल तो,” आई म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. चपला मात्र तिनं काढून ठेवल्या.

चिरंजीव तीन बस बदलून साडेचार तासांनी घरी पोहोचले. त्यानंतर महिनाभर विभागात एकट्यानं केलेल्या प्रवासाचे अनुभव तेच सांगत होते.