पांढरी बाजू बाहेर

वसतिगृहाच्या बावीस नंबरच्या खोलीत दोन खाटा होत्या, दोन टेबलं होती आणि एका भिंतीला ओल होती. ओलीकडची खाट प्रियदर्शनीच्या वाट्याला आली. रेक्टरबाईंनी दारातच बजावले होते, रंग लावायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, दोन वर्षांनी खोली जशी दिली तशी परत पाहिजे. खोलीची अवस्था पाहता ते काही अवघड नव्हते.

पण प्रियदर्शनीचे वडील ज्ञानदेव तयारीनिशी आले होते. इंदापुरात त्यांचे फ्लेक्स छापायचे दुकान होते. लोकांचे वाढदिवस आणि लोकांचे दहावे यांच्या जिवावर त्यांनी लेकीला बी.एस्सी. केली होती आणि आता बारामतीला एम.एस्सी.ला घातली होती. छापताना चुकलेला फ्लेक्स ते कधी फेकत नसत. त्यातलाच एक त्यांनी डबल टेपने ओल्या भिंतीला लावला. छापलेली बाजू आत, पांढरी बाजू बाहेर. भिंत कालच चुना दिल्यासारखी दिसू लागली. प्रियदर्शनीने टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला, खिडकीला दिव्यांची माळ सोडली आणि खोलीला जरा माणसात आणले.

"पप्पा, मागच्या बाजूला काय छापलंय?"

"काय न्हाय. जुना माल."

जुना माल म्हणजे गेल्या वर्षीचे पाप होते. सणसरचे दत्तोबा तात्या वारले तेव्हा त्यांच्या पुतण्याने व्हॉट्सअॅपवर घरच्या सगळ्यांचे फोटो पाठवले होते. त्याच दिवशी चार पुढाऱ्यांचे वाढदिवस आलेले. त्या गडबडीत ज्ञानदेवांनी वरच्या मोठ्या चौकटीत दत्तोबांऐवजी त्यांच्या मुलाचा, धडधाकट विजयसिंहांचा, फोटो टाकला. दत्तोबा गेले खाली शोकाकुल मंडळींच्या रांगेत, स्वतःच्याच निधनाचे दुःख करत. सकाळी फ्लेक्स सणसरच्या चौकात लागला आणि दहाच्या आत विजयसिंहांच्या सासुरवाडीची माणसे रडत दारात आली. विजयसिंहांनी फोनवरून ज्ञानदेवांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता जाळा म्हणून दम भरला. पुतण्या तो परत देऊन नवा घेऊन गेला. ज्ञानदेवांनी "जाळला" म्हणून कळवले. पण एवढा जाडजूड, कोरा करकरीत फ्लेक्स जाळायला त्यांचा हात काही धजला नाही.

"हीच का बावीस नंबर?" दारातून आवाज आला.

दारात एक मुलगी गादीचे गाठोडे घेऊन उभी होती आणि तिच्यामागे तिचे वडील. त्यांचे गाल बसले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. तरी ज्ञानदेवांनी त्यांना ओळखले. हा चेहरा त्यांनी दुकानात पडद्यावर तासभर न्याहाळला होता. विजयसिंहांनी मात्र त्यांना कधी पाहिले नव्हते, जे काही झाले ते फोनवरच.

 पोरगी जन्मात पहिल्यांदा घराबाहेर राहणार, तीही याच माणसाच्या लेकीबरोबर. या माणसाला भिंतीवरचे समजले तर त्याची लेक आजच खोली बदलून मागेल आणि जिवंत माणसाला मारणाऱ्याची मुलगी म्हणून प्रियदर्शनी दोन वर्षे वसतिगृहभर मिरवेल. ज्ञानदेव सरकत सरकत गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

विजयसिंहांच्या लेकीने, राजनंदिनीने, आपल्या टेबलावर जेजुरीचा खंडोबा मांडला. दोघींची पाच मिनिटांत गट्टी जमली.

"तुमी काय करता?" विजयसिंहांनी विचारले.

ज्ञानदेव "शिक्षक" म्हणणार एवढ्यात प्रियदर्शनी म्हणाली, "काका, पप्पांचं इंदापुरात फ्लेक्सचं दुकान हाय."

"कुठलं?"

"त्येच की, स्टँडकडचं," ज्ञानदेव म्हणाले. स्टँडकडे फ्लेक्सची नऊ दुकाने होती. धंद्यातल्या स्पर्धेचे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच आभार मानले.

"भिंत बाकी झ्याक केली." विजयसिंह हात लावून बघायला पुढे आले.

"हात लावू नका. टेप वली हाय."

"टेप कवापास्नं वली असायला लागली?"

"नवी निघालीय."

मुली बादल्या आणि हँगर आणायला बाजारात गेल्या. खोलीत दोन बाप उरले.

"बसा की."

"उभंच बरं वाटतंय. कंबर धरलीय."

विजयसिंहांना दरदरून घाम फुटला होता. "लई उकडतंय," म्हणत त्यांनी पंखा पाचावर सोडला. फ्लेक्स फुगला. ओल्या भिंतीवरची टेप एकेका कोपऱ्यातून सुटत गेली, आणि ज्ञानदेवांनी दोन्ही हात पसरून अडवायच्या आत वरची बाजू सुटून त्यांच्या डोक्यावरून पुढे येऊन पडली. आत अंधार आणि शाईचा वास. बाहेर, गुडघ्यापर्यंत, उलटे लटकलेले विजयसिंह.

पंखा बंद झाल्याचा आवाज आला. मग कुणीतरी मान वाकडी करून वाचावे तसे सावकाश ऐकू आले, "भावपूर्ण श्रद्धांजली."

ज्ञानदेव बाहेर आले.

"म्हंजी तुमीच व्हय त्ये."

"व्हय."

"जाळला म्हनला हुता."

"माल चांगला हुता, दादा."

ज्ञानदेव शिव्यांची वाट पाहत उभे राहिले. शिव्या आल्या नाहीत. विजयसिंह लेकीच्या खाटेवर बसले आणि फ्लेक्सवरच्या स्वतःकडे बघत राहिले.

"तुमी वरीसभर आधी छापला, यवढंच," ते म्हणाले. "पुण्याचा डाक्टर म्हनतोय, दिवाळी निघंल. पुढचं काय सांगत न्हाय. घरात फकस्त मालकिणीला ठावं हाय. नंदूला सांगितलं तर ती गादी उचलून घरी यील आन माझ्या उशाला बसंल. तिचं शिकनं ऱ्हाईल. ती हितं ऱ्हायला पायजे."

हे त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितले नव्हते. पण ज्याने आपल्याला एकदा मारून ठेवलंय त्याच्यापासून काय लपवायचे, असे त्यांना वाटले असावे.

शकुन-अपशकुन ज्ञानदेवांच्या घरातून आजोबांच्या काळीच हद्दपार झाले होते.  तरी त्यांना आपल्या दुकानाची, आपल्या हाताची शिसारी आली.

"दादा, माझ्या फ्लेक्समुळं तर न्हाय ना हे झालं?"

"तंबाखूमुळं झालं. उगं मोठेपणा घिऊ नका."

पोरी यायच्या आत दोघांनी मिळून फ्लेक्स पुन्हा लावायला घेतला. ज्ञानदेव खाटेवर चढले, विजयसिंहांनी खालून स्वतःचा चेहरा दोन्ही तळव्यांनी भिंतीशी दाबून धरला. धाप लागली की ते थांबत आणि पुन्हा दाबत.

"माझं येक काम कराल का?"

"सांगा दादा. दहाव्याचा फ्लेक्स मी..."

"त्यो नगं. त्यो तर तयारच हाय." विजयसिंहांनी भिंतीकडे बोट केले. "दोन वर्सांनी पोरी पास हुतील. तवा सणसरच्या चौकात नंदूच्या अभिनंदनाचा लावायचा. तिचा फोटो मोठा. आन खाली शुभेच्छुकांत पयला माझा. नावाम्होरं कैलासवासी लावायचं न्हाय."

 वीस वर्षांत अशी ऑर्डर ज्ञानदेवांकडे कधी आली नव्हती.

"पर दादा, लोक इचारतील."

"इचारलं तर म्हनायचं, चुकलं," विजयसिंह म्हणाले. "सणसरमदी तुमच्यावर लगीच इस्वास बसंल."