नाना आणि सायखेड्याची ओली भिंत

दुसऱ्यांच्या कपड्यांचा चारचौघांत वास घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारे नाना.

गोदावरीला पूर आला की खालच्या बंधाऱ्याला अडलेलं पाणी मागे चढतं आणि सायखेडा गावात काठावरच्या घरांत शिरतं. मग आमच्या पार्किंगमध्ये जुन्या कपड्यांसाठी खोकं ठेवतात. नाना त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. सगळी नोकरी ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल तपासून घेण्यात गेलेली. आलेला प्रत्येक कपडा ते उलटा करतात, शिवण ओढून बघतात, नाकाला लावतात आणि विचारतात, "हे घालून तुम्ही उद्या बाहेर जाल का?"

गेल्या पुरात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी चेन तुटलेली पँट आणली. म्हणाल्या, "अहो नाना, त्यांचं सगळंच वाहून गेलंय. त्यांना काय?"

"सामान वाहून गेलंय वहिनी. लाज आहे अजून."

वहिनी पँट तिथेच टाकून गेल्या. नाना दुखरे गुडघे घेऊन तीन मजले चढले, बेल वाजवली आणि पँट त्यांच्या हातात परत दिली. त्याच खोक्यात एक शेरवानीही निघाली. ती बघून तर नाना लालबुंद झाले. "गाळात वरात काढायचीय का त्यांना?"

शेवटी त्यांनी सायखेड्यात फोन करून काय हवंय ते विचारलं आणि आम्हा सगळ्यांना बाजारात पिटाळलं. फावडी, घमेली, खराटे, ताडपत्र्या आणि बायकांसाठी नवे कपडे. सगळं 'छोटा हत्ती' टेम्पोत भरून आम्ही निघालो. वाटभर नाना चिडलेले. "धरणातून पाणी सोडताना रात्री भोंगा वाजवला म्हणे. झोपेतून उठून माणसानं कपाट डोक्यावर घ्यायचं का?"

पाणी ओसरलं होतं, पण घराघरांत गुडघाभर गाळ होता. आमच्या आधी काही मंडळी गाडीतून आली होती. बॅनर लावून बिस्किटांचे पुडे वाटत होती. सखूबाई नावाच्या म्हातारीला त्यांनी हातात पुडा देऊन फोटोसाठी उभं केलं. फोटो हलला, म्हणून पुडा परत घेतला आणि पुन्हा दिला.

नाना मध्ये जाऊन उभे राहिले. पांढऱ्या शर्टातल्या पुढाऱ्यासमोर फावडं धरलं.

"हे घ्या. गाळ उपसताना फोटो काढू. चांगला येईल."

"काका, आम्ही समाजसेवा करतोय."

"मग करा ना. मी थांबलोय."

थोड्या वेळानं गाडी निघून गेली. आम्ही सखूबाईंच्या घरातला गाळ उपसायला लागलो. मुलं तिच्यापाशी नाहीत, एकटीच राहते. दुपारी ती आमच्यासाठी चहा घेऊन आली, तर नाना तिच्यावरच खेकसले. "घरात चूल पेटत नाही आणि चहा कसले करता?"

"चूल नाय, पन शेजारीन हाय," ती म्हणाली. "गप प्या."

नाना गप प्यायले. त्यांना असं गप झालेलं बिल्डिंगमध्ये कुणी पाहिलेलं नाही.

"घरी कोन वाट बघतंय?" तिनं विचारलं.

नानांनी कप खाली ठेवला. "बायको गेली. मुलगा परदेशात असतो. कोणी नाही."

"मंग घाई कशाला? पिठलं टाकलंय तिकडं. जेवूनच जा."

नाना उंचावरच्या शेजारणीच्या ओट्यावर बसून जेवले. पिठल्यात मीठ जास्त होतं. आता नाना खेकसणार, म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

निघताना मात्र पुन्हा सुरू झाले. आतल्या खोलीच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "ही ओली आहे. वाळेपर्यंत या खोलीत झोपायचं नाही. सांगून ठेवतो."

"आन् वाळली का नाय, ते कोन बघनार?"

"मीच बघणार. दुसरं कोण आहे इथं?" नाना डाफरले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते एसटीनं सायखेड्याला जातात. मध्ये मीही एकदा गेलो होतो. भिंत खडखडीत वाळलीय, वर चुनासुद्धा लागलाय. परत येताना मी नानांना तसं म्हटलं.

"तुम्हाला काय कळतंय?" ते म्हणाले. "आत ओल आहे अजून."