जावयाच्या एकतीस चकत्या

गेमच्या डिस्क त्यांच्या कव्हरात ठेवायच्या नाहीत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, असा निर्णय आनंदराजने एका रविवारी दुपारी घेतला. कारण ऑफिसातला अंगद. तो घरी यायचा, शोकेससमोर उभा राहायचा, एखादं कव्हर काखेत मारायचा आणि सहा महिन्यांनी विचारलं की "कोणती डिस्क?" म्हणायचा. म्हणून रिकामी कव्हरं शोकेसमध्ये काचेआड, आणि आतल्या एकतीस डिस्क डब्यात. डबा स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, कारण स्वयंपाकघरात कुणी काही शोधत नाही. (हा समज तो स्वतः तिथे कधीच काही शोधत नसल्यामुळे झाला होता.)

आनंदराज नांदेडच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होता. पण मनातून तो गेमर होता, आणि गेमरपेक्षाही मतांचा माणूस होता. गेम बाहेर यायच्या आधी पैसे भरून ठेवणारे लोक त्याला भोळसट वाटत. अर्धवट गेम विकून पुढे वर्षभर दुरुस्त्या पाठवणाऱ्या कंपन्यांवर तो फार चिडायचा. "चपाती कच्ची वाढायची आणि गिळल्यावर म्हणायचं, थांबा, आता भाजून देतो," असं तो बायकोला सांगायचा. धम्मप्रिया तेव्हा चपात्याच लाटत असायची आणि बोलणं नेमकं कशावर चाललंय ते एकदा तपासून घ्यायची.

पण त्याचं सगळ्यात लाडकं मत डिस्कबद्दल होतं. डिस्क म्हणजे मालकी, डाउनलोड म्हणजे भाड्याची खोली. मालक कधी सामान बाहेर काढेल, सांगता येत नाही. हे मत तो प्रामुख्याने लातूरला राहणाऱ्या मेहुण्याला ऐकवायचा. अश्वजित सगळे गेम डाउनलोड करायचा आणि शांतपणे म्हणायचा, "दाजी, आतापर्यंत तर कुणी बाहेर काढलं न्हाई." पाच वर्षं आनंदराज त्या मेहुण्याचं सामान बाहेर पडायची वाट बघत होता.

जानेवारीच्या सुरुवातीला सासूबाई नवा चष्मा करायला नांदेडला आल्या. सरजाबाई बिलोलीजवळच्या गावी राहतात, चार एकर स्वतः बघतात. नव्या चष्म्यातून सगळं स्वच्छ दिसू लागल्यावर लेकीचं घर कसं आहे तेही त्यांना स्वच्छ दिसलं, आणि फळ्या पुसता पुसता त्यांच्या हाती तो डबा लागला.

त्या डबा घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या, तेव्हा जावई टीव्हीकडे तोंड करून, कानावर हेडफोन चढवून, देगलूरच्या मलप्पा सरांबरोबर ऑनलाइन लढाईत होते. मलप्पा सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, वय चौसष्ट, नेम पक्का. खेळत होते तो गेम फुकट डाउनलोड होणाराच होता. (मतं आपल्या जागी, मलप्पा सरांची सोबत आपल्या जागी.) नेमके त्याच वेळी सर शत्रूच्या गोळ्यांच्या पेटीपाशी पोचले होते आणि, यातलं आपण काही घ्यावं का, असं संकोचून विचारत होते.

"जावई," मागून सरजाबाई म्हणाल्या, "ह्या चकत्या कामाच्या हायत का?"

"विचारायचं काय त्यात? घेऊन टाका," जावई सरांना म्हणाले.

"समद्या नेऊ?"

"सगळं घेऊन टाका. एक पण ठेवू नका."

"बघा बरं. मंग म्हणसाल, मामीनं इचारलं न्हाई."

"मी कधी नाही म्हणलो का? बिनधास्त घ्या."

सरांनी पेटी उचलली. सरजाबाईंनी चकत्या. जावई इतक्या मोकळ्या मनाचा निघाला, याचं त्यांना लई बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी अश्वजितचा फोन आला. आवाज पडलेला. त्याने विकत घेतलेला घाटातल्या मोटारशर्यतीचा गेम कंपनीने त्याच्या यादीतून काढून टाकला होता. परवाना संपला म्हणे. आनंदराजने दुःख व्यक्त केलं. ते करताना तो खुर्चीवर उभा राहिला होता, इतकाच काय तो फरक. कारण हाच गेम त्याच्याकडे डिस्कवर होता. तीन वर्षांपूर्वी घेतलेला. (खेळायला अजून मुहूर्त लागला नव्हता, पण मालकी ती मालकी.)

"रविवारी गावाकडं हुरडा खायला येऊन राहिलास ना?" त्याने विचारलं. "मग मी गेमचा कन्सोल घेऊन येतो. बघच तू."

रविवारी सकाळी त्याने फळीवरून डबा काढला, हातात तोलला, वजन बरोबर वाटलं. झाकण उघडलं नाही, धूळ जाते. कन्सोल मांडीवर आणि डबा पिशवीत अशी वरात बसने बिलोलीला निघाली. वाटेत धम्मप्रियाने पिशवी धरू का विचारलं, तर म्हणाला, "नको, तुला त्याची किंमत माहीत नाही."

सरजाबाईंच्या घरी जय भीम झाले, पाणी झालं. आनंदराजने मेहुण्याला टीव्हीसमोर बसवलं, मालकी हक्कावर दहा मिनिटं बोलला आणि डब्याचं झाकण उघडलं.

आत शेंगदाण्याची चटणी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेली, अर्धा किलो.

"अजून खाल्ली न्हाई का तुम्ही?" सरजाबाई म्हणाल्या. "लेकीचा डबा रिकामा कसा ठिवावं म्हणून मीच भरून ठिवला व्हता."

"मामी, यातल्या डिस्क?"

"चकत्या व्हय? त्या काय, रानात."

हुरड्याचं रान घरामागेच होतं. आनंदराज अनवाणी धावला. कणसं दुधात आलेली, वारा सुटलेला, आणि ज्वारीवर जागोजागी दोरीला बांधून त्याच्या डिस्क गरगर फिरत होत्या, उन्हात लखलख करत होत्या. दिसायला फार सुंदर दिसत होतं, हे त्याला स्वतःच्या मनाविरुद्ध मान्य करावं लागलं. आणि रानात खरंच एकही पाखरू नव्हतं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" त्याने मागून आलेल्या सरजाबाईंना विचारलं. आवाज रडवेला झाला होता.

"तुम्हीच की. तीनदा इचारलं, तीनदा हाव म्हणालात. कानाला ते डबडं लावून बसले व्हता तवा."

"मला वाटलं..." म्हणून आनंदराज थांबला. आपण मलप्पा सरांना बोललो, हे सांगायचं तर दुपारभर फुकटचा डाउनलोड केलेला गेम खेळत होतो तेही सांगावं लागलं असतं, आणि पाठीमागे अश्वजित उभा होता.

"साऱ्या गावाला सांगून राहिले मी," सरजाबाई अभिमानाने म्हणाल्या, "जावयानं पाखरायचा बंदोबस्त केला. पिराजी मागाया आला तर त्याला बी चार दिल्या."

आनंदराज ज्वारीच्या ओळीओळीतून फिरत, मान वर करून फिरत्या डिस्कवरची नावं वाचू लागला. सत्तावीस वाचल्या. शर्यतीचा गेम त्यात नव्हता. तो होता शेजारच्या पिराजीच्या रानात, बांधाकडेला, सगळ्यात उंच काठीवर.

पिराजी सोडेना. "ही काढू नका, साहेब. ही लागल्यापासून एक चिमणी फिरकली न्हाई." शेवटी बदल्यात दोन डिस्क देऊन सौदा झाला. त्यातली एक आनंदराजला जिवापाड प्रिय होती, पण आता प्रश्न पाच वर्षांच्या वादाचा होता. त्याने डिस्क सोडवली, शर्टाच्या टोकाने आतून बाहेर अशी हलक्या हाताने पुसली, उन्हात तिरपी धरून बघितली. एक ओरखडा नव्हता. त्याला खरोखर भरून आलं.

"बघ," घरी येऊन तो अश्वजितला म्हणाला, "पंधरा दिवस ऊन, दव, वारा. काही झालं नाही. याला म्हणतात मालकी."

अश्वजितने पहिल्यांदाच मान डोलावली. "हाव दाजी, हे मात्र खरं हाय."

हे ऐकायला आनंदराज पाच वर्षं जगला होता. त्याने डिस्क कन्सोलमध्ये सरकवली. यंत्र गुरगुरलं, टीव्हीवर घाट आला, घाटात लाल मोटार आली, आणि मोटारीखाली एक ओळ आली: गेमचा उर्वरित भाग डाउनलोड करण्यासाठी इंटरनेटला जोडा.

"उर्वरित म्हणजे?" धम्मप्रियाने विचारलं.

"थोडासाच असेल," आनंदराज म्हणाला. अश्वजितने आपल्या मोबाइलचं इंटरनेट जोडून दिलं. मग दुसरी ओळ आली: हा भाग आता उपलब्ध नाही.

आनंदराजने डिस्क काढली, पुसली, पुन्हा घातली. तसं तीनदा केलं. तिसऱ्यांदा अश्वजित उठून पाणी प्यायला आत गेला आणि आतून त्याच्या हसण्याचा आवाज आला. धम्मप्रियाने पदर तोंडाला लावला होता. लाल मोटारीकडे बघता बघता आनंदराजला स्वतःलाच हसू फुटलं, इतकं की डोळे पुसावे लागले.

सरजाबाईंना एवढंच कळलं की चकती चालेना. नवा चष्मा सारखा करून त्यांनी ती कन्सोलमधून निघताच जावयाच्या हातून घेतली आणि दोरी शोधत म्हणाल्या, "आणा हिकडं, उगं जीव कशाला जाळता? माझ्या रानात तिला इंटरनेट लागत न्हाई."