प्रतीक्षा यादी, क्रमांक एक

सोनकांबळे सर स्वतःच्या घरात दार वाजवून, "मी आत येऊ का?" असं विचारून शिरतात. आतून त्यांच्या मातोश्री भाजी निवडता निवडता "या, बसा" म्हणतात. मग सर समोरच्या खुर्चीत ताठ बसतात. हा मुलाखतीचा सराव असतो.

मी त्यांचा शेजारी. नांदेडला आम्ही एकाच गल्लीत राहतो, त्यामुळं दर रविवारी निवड समितीत मलाही बसावं लागतं. अध्यक्ष वहिनी, विषयतज्ज्ञ मातोश्री. मातोश्रींचा प्रश्न ठरलेला: "इतकं शिकून काय करून राहिलास बाबा?"

"हा प्रश्न लातूरच्या मुलाखतीतही विचारला होता," सर गंभीरपणे मला सांगतात.

सर पीएच.डी. आहेत, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात आणि विद्यापीठाची जाहिरात आली की त्यांना बारीक ताप येतो. अर्जाच्या सहा प्रती मागितल्या तर ते सात करतात. "एखादी हरवली तर? लोक लई निष्काळजी हायत."

या खेपेला जाहिरात संशोधन सहाय्यकाची होती. पद एक, ते भरायला समिती सात जणांची. वयाची अट अडतीस. शेवटच्या तारखेनंतर महिन्याभरातच सरांना अडतीस वर्षं पूर्ण होणार होती. यानंतरच्या जाहिराती त्यांनी फक्त वाचायच्या होत्या.

निवड माहूरच्या अश्विनी नावाच्या मुलीची झाली. सर प्रतीक्षा यादीत, क्रमांक एक. ती दहा दिवसांत रुजू झाली नाही, तर पद सरांचं.

सर रोज विभागासमोरच्या टपरीवर जाऊन बसू लागले. चहा मागवत, पीत नसत. "आली न्हाई," एवढंच म्हणत आणि थोड्या वेळानं, "तब्येत बरी असंल ना तिची?" घरी मातोश्रीही विचारत, "ती पोर आली का?" कोणतं उत्तर हवंय, हे कोणी बोलत नव्हतं.

दहाव्या दिवशी मी सरांसोबत होतो. दुपारी तीनला मुलगी वडिलांबरोबर आली. सरांना पाहून थेट टपरीकडे वळली. मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात सरांनीच तिची प्रमाणपत्रं क्रमानं लावून दिली होती. प्रतीक्षा यादी तिनं वाचली नसावी. निवड झालेल्यांना खालचं वाचावं लागत नाही.

"सर, जमत न्हाई," ती म्हणाली.

वडिलांचं गडाच्या पायथ्याशी नारळ-ओटीचं दुकान होतं. "सकाळपासून हिंडून राहिलो सर. हॉस्टेल म्हणे विद्यार्थ्यांनाच. एकट्या पोरीला खोली कुणी देईना. माघारी घेऊन चाललो."

मी सरांकडे बघायचं टाळलं. "हाव, अवघड आहे" एवढंच ते म्हणाले असते, तरी त्यात खोटं काही नव्हतं. समोर चहावर साय धरली होती.

"आमच्या आईच्या खोलीत एक पलंग मावतो," सर म्हणाले. "आई घोरते. चालत असंल तर बघा."

"पण घरच्यांला विचारा की, सर," वडील म्हणाले.

"विचारतो. पाचला ऑफिस बंद होतं. आधी रुजू होऊ द्या."

मुलीनं वहीतून कागद काढला. रुजू होण्याचं पत्र कसं लिहायचं, तिला माहीत नव्हतं. सर सांगू लागले. कोणाच्या नावे, कोणता विषय, कोणता संदर्भ, सगळं तोंडपाठ. एका शब्दाला अडखळले नाहीत.

"मी, खाली सही करणार..." इथं ते थांबले. मुलगी पेन धरून वाट बघत होती.

"इथं तुमचं नाव घाला," सर म्हणाले.