शेंडी गेलेल्या बुलबुलाचा फोटो

ज्याच्या हातून आजवर काही धड झालेलं नाही, त्याने गप्प बसावं. हे मला कळतं. तरीही त्या रविवारी मी एक फोटो पाठवायचं ठरवलं.

माझी बायको पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपची प्रमुख आहे. उन्हाळा सरत आला की या ग्रुपला नुसता ऊत येतो. कुणाला तळ्यावर खंड्या दिसतो, कुणाला विजेच्या तारेवर वेडा राघू. कुणाची चिमणी लंगडते, कुणाच्या होल्याचा डोळा सुजतो. बायको दिवसभर मोबाइलवर सगळ्यांची जातीने विचारपूस करते. मी घरात आठवडाभर शिंकत होतो, तेव्हा तिने मान वर न करता एवढंच म्हटलं, "अहो, आतल्या खोलीत जाऊन शिंका ना, पाखरं दचकतात."

(पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी लोकांच्या तक्रारी लिहून घेतो. माझी लिहून घेणारा अजून जन्माला यायचाय.)

माझी महत्त्वाकांक्षा फार मोठी नव्हती. एकदा तरी आपण ग्रुपवर काहीतरी टाकावं आणि बायकोने चारचौघांदेखत लिहावं, 'छान निरीक्षण!' बस्स, एवढंच. त्यानंतर डोळे मिटले असते तरी चाललं असतं.

आणि रविवारी सकाळी संधी चालून आली. बाल्कनीत बायकोने टांगलेल्या दाण्यांच्या भांड्यावर एक बुलबुल बसला होता. त्याची शेंडी जवळजवळ गेली होती. डोक्यावर इथे एक पीस, तिथे एक पीस. मला त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. (माझे केस शेवटचे दिसले ते लग्नाच्या अल्बममध्ये.)

आता ग्रुपचा एक दंडक आहे. पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, तो बुजतो. म्हणून मी बाल्कनीच्या बंद काचेआड गुडघे टेकले, मान पार खाली घातली, मोबाइल दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि अंदाजाने बटण दाबलं. भुर्रकन आवाज झाला. फोटो पाहिला तर कुंडीतल्या वेलाच्या पानांत मधोमध एक गोल, गुलाबी डोकं, कडेला थोडी करडी पिसं. इतक्या जवळचा फोटो तर बायकोलाही कधी जमला नव्हता! (चष्मा आत टेबलावर होता.) मी खाली लिहिलं, 'आमच्या बाल्कनीत आज. प्रकृती बरी वाटत नाही,' आणि पाठवून दिला.

पहिल्या धावून आल्या दुर्बिणकाकू. या समोरच्या इमारतीत राहतात आणि भाजी आणायलाही गळ्यात दुर्बीण घालून जातात.

'अगं बाई! पिसं समूळ गेली की हो!'

'कातडी बघा कशी तेलकट झालीय. बुरशी असणार,' दुसऱ्या कुणीतरी लिहिलं.

'मागच्या बाजूला काळी गाठ आहे. लक्षण ठीक नाही.'

'कडेची पिसंही आता फार दिवस टिकायची नाहीत.'

'वागणूक कशी आहे?' एकाने विचारलं.

मी पाहिलं होतं तेवढं प्रामाणिकपणे लिहिलं, 'सुस्त. एका जागी बसून नुसता खातो.'

'मग नाही वाचत,' उत्तर आलं. त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली.

शेवटी डॉक्टर बोलले. डॉक्टर म्हणजे निवृत्त पशुवैद्य, ग्रुपवर त्यांचा शब्द शेवटचा. 'साथ असू शकते. मी संध्याकाळी येऊन पाहतो. तोवर सगळ्यांनी भांडी उतरवा.' प्रमुख म्हणून हुकूम बायकोलाच काढावा लागला. डॉक्टर सांगेपर्यंत कुणीही दाणा घालायचा नाही, पाणी ठेवायचं नाही.

आपलं भांडंही तिने स्वतःच उतरवलं, उकळत्या पाण्याने घासलं आणि मोरीत पालथं घातलं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली त्या आठवड्यात तिने ते टांगलं होतं. तेव्हापासून रोज सकाळचा चहा ती तिथेच घेते, पाखरांशी बोलत. त्या दुपारी ती रिकाम्या हुकाकडे बघत बसली. चिमण्या आल्या, कठड्यावर बसल्या, आत डोकावल्या आणि गेल्या.

"एवढ्या उन्हात पाणीसुद्धा नाही हो त्यांना," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण बरं झालं, तुमचं वेळेवर लक्ष गेलं. छान निरीक्षण."

जे शब्द ऐकायला मी जीव टाकत होतो ते असे मिळाले. तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. त्यापेक्षा तिने शिंकण्यावरून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी डॉक्टर बॅग घेऊन आले. पाठोपाठ दुर्बिणकाकू, गळ्यात दुर्बीण. डॉक्टरांनी बाल्कनी पाहिली, कुंडी पाहिली, फोटो पाहिला.

"काढलात कुठून हा?"

"इथून. काचेआडून."

"कसे बसला होतात?"

मी बसून दाखवलं. गुडघे टेकले, मान खाली, हात वर.

"जरा उजेडाकडे सरका," डॉक्टर म्हणाले. मी सरकलो. "आता मान आणखी खाली. हं. काकू, तो फोटो मोठा करा बघू."

काकूंनी फोटो मोठा केला. मग इतक्या जवळून, काही कारण नसताना, त्यांनी माझ्या डोक्यावर दुर्बीण रोखली.

"अगं बाई," त्या बायकोला म्हणाल्या, "यांच्या कानामागे तीळ आहे का गं?"

"आहे. का?"

"ती गाठ सापडली."

काचेत माझंच डोकं उमटलं होतं. सबंध ग्रुप सकाळपासून त्याच्यावर निदान करत होता आणि त्याच्यापायी दिवसभर पाखरं उपाशी होती. (शिवाय 'एका जागी बसून नुसता खातो' हे मी माझ्याच हाताने लिहून दिलं होतं.) मान वर करायची सोय उरली नव्हती.

"अहो, मग तो बुलबुल?" बायकोने विचारलं.

तेवढ्यात तोच बुलबुल येऊन रिकाम्या हुकावर बसला. डॉक्टरांनी त्याला नीट न्याहाळलं. "काही झालेलं नाही याला. उन्हाळा सरताना जुनी पिसं गळतातच. याची सगळी एकदम गळलीत. महिन्याभरात शेंडी परत येईल."

"परत येते?" मी गुडघ्यांवरूनच विचारलं. आवाजात नको तितकी आशा होती.

"बुलबुलाची," डॉक्टर बॅग उचलत म्हणाले.

बायको केव्हाच मोरीकडे धावली होती. भांडं पुसून, दाणे भरून तिने हुकाला अडकवलं, शेजारी पाणी ठेवलं आणि मगच ती हसायला लागली. इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसत तिने मोबाइल उचलला. मी आत जाऊन चष्मा लावला आणि ग्रुप उघडला.

'फोटोतला नमुना डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासला. साथ नाही. औषधही नाही. नमुना आमच्याच घरचा असून स्थलांतर करत नाही. सर्वांनी दाणापाणी लगेच सुरू करावं.'

अशा ग्रुपवर काही जण सगळं वाचत नाहीत. त्यातल्या एकाने विचारलं, 'बिचारा! एकटाच आहे, की जोडी आहे?'

'जोडी आहे. मीच ती,' बायकोने लिहिलं.

त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. सकाळच्या रांगेपेक्षा मोठी होती, आणि त्यातला एकही हात माझ्यासाठी नव्हता.