आरशावर विमान उतरत नाही

घिरटी पहिली.

पूर्णेच्या डोहात आज पहिलं जलविमान उतरणार होतं. काठावर मंडप, मंडपात विमानातून येणाऱ्या साहेबांसाठी हार आणि शेजारी नवा कोरा बोर्ड: ‘डोहात म्हशी सोडण्यास सक्त मनाई.’ आठ दिवसांपासून खुशालरावांच्या चार म्हशी काठावर तापत होत्या आणि दूध निम्म्यावर आलं होतं. आज विमान उतरलं की मनाई कायमची.

स्वागत समितीच्या देवानंदनं डोह असा साफ केला होता, की जलकुंभीच काय, डोंगे आणि बदकंसुद्धा हाकलली होती. वारा पडलेला. पाणी गुळगुळीत.

घिरटी दुसरी.

देवानंदच्या हातातला वायरलेस बोलला. वैमानिक साधना.

“पाणी आरशासारखं आहे. आभाळ कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं, तेच कळत नाही. मला लाटा हव्यात.”

“लाटा? मॅडम, आमी तर पुसून ठेवलं!”

“म्हणूनच उतरता येत नाही.”

घिरटी तिसरी.

कार्यकर्त्यांनी गोटे फेकले. डुबुक. पाणी पुन्हा आरसा.

“आत साहेब आहेत,” साधना म्हणाली. “शेवटची घिरटी. नाहीतर परत.”

देवानंद पळत बोर्डापाशी गेला. बोर्डाच्या सावलीत खुशालराव बसले होते.

“खुशालराव, म्हशी सोडा ना जी! त्या कडेनं, पटकन!”

“मनाई हाय न.”

“मी सांगून राहिलो न!”

“तुमचं तोंडी हाय. बोर्ड लेखी हाय.”

देवानंदनं दोन्ही हातांनी बोर्ड उपटला.

घिरटी चौथी.

आठ दिवस तापलेल्या चार म्हशी एकदम पाण्यात पडल्या. डोहभर लाटा गेल्या. विमान अलगद टेकलं, टाळ्या पडल्या, साहेबांच्या गळ्यात हार पडला.

घिरटी नाही.

अमरावतीत दुसरा कार्यक्रम होता. साहेब विमानात बसले, पंखा फिरला. तोवर म्हशी डोहाच्या मधोमध पसरल्या होत्या. चारच नाकं वर.

“आता काढा त्याहीले!” देवानंद ओरडला.

“दिवस कलल्याबिगर निघत नाहीत बाप्पा. आठ दिवसाची कसर हाय.”

“अन् साहेब?”

“साहेबाले म्हना, बसा सावलीत.”

देवानंदनं चिडून बोर्ड उचलला आणि पुन्हा खड्ड्यात ठोकला. खुशालरावांनी तो सरळ आहे का पाहिलं, थोडा पाण्यातल्या म्हशींकडे वळवला.

“हं. आता दिसते त्याहीले. वाचू द्या.”