लालबागच्या समुद्राला लाल बावटा

हितेंद्र घाडीगावकर याने त्या रविवारी संध्याकाळी लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून, निम्म्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले की, उद्या आपण कायम होणार.

"परदेशी पाहुणे खूश होऊन गेले की संध्याकाळी पत्र हातात. मॅडमनी शब्द दिलाय," तो म्हणाला.

त्याचे वडील बुधाजी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. "लेखी दिलाय?"

"बाबा, ती काय गिरणी आहे?"

"गिरणीत पण असंच म्हणायचे."

बुधाजींची सारी उमर गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर गेली होती. माणसांच्या जाती त्यांच्या लेखी दोनच : कायम आणि बदली, म्हणजे कोणी गैरहजर असला तरच कामावर घेतला जाणारा. हितेंद्र वरळीच्या एका समुद्र-माहिती केंद्रात वर्षावर्षाच्या करारावर काम करी, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला ते त्याची ओळख करून देत ती अशी : "हा आमचा धाकटा. समुद्रात बदली आहे." ऐकणाऱ्यास वाटे, पोरगा नौदलात आहे. हितेंद्रला वाटे, समुद्रात उडी घ्यावी.

वास्तविक त्याचे काम मानाचे होते. समुद्राला कुंपण नाही. इथे तापलेले पाणी उद्या दुसऱ्याच्या किनाऱ्यावर वादळ होऊन जाते. म्हणून सात देशांनी मिळून एक सामायिक साठा उभारला होता. ज्याने त्याने आपापल्या समुद्राचे मोजमाप त्यात आणून ओतायचे आणि हवे ते सर्वांनी न्यायचे. गावच्या सामायिक विहिरीसारखा कारभार. पाणी कोणीही भरावे, घाण मात्र कोणी करू नये. त्यासाठी प्रत्येक आकड्यापुढे संगणकावर एक झेंडा लागे. हिरवा म्हणजे खरा, पिवळा म्हणजे शंकास्पद आणि लाल म्हणजे साफ चुकीचा. संचालिका डॉ. आरोही सबनीस त्याला 'रेड फ्लॅग' म्हणत. हितेंद्र गिरणगावात, लाल झेंड्याच्या संपांच्या गोष्टी ऐकत वाढलेला. तो म्हणे, लाल बावटा. मुंबईच्या आकड्यांना आजवर तो कधी लागला नव्हता आणि कायम होण्याची त्याची सारी भिस्त या एका गोष्टीवर होती.

पाहुण्यांना दाखवण्यासाठी म्हणून तो कफ परेडच्या मच्छीमार नगरातून एका नाखव्याच्या जाळ्याला बांधलेले यंत्र सोडवून घरी घेऊन आला होता. लाटण्याएवढी पोलादी नळी. खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला की ती आपोआप जागी व्हायची, पाण्याची ऊब आणि खारटपणा मोजायची, आणि कोणाला न विचारता ते आकडे थेट सातही देशांच्या साठ्यात धाडायची. ती रात्री त्याने मोरीपाशी ठेवली आणि इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून तो निर्धास्त झोपला.

सकाळी आंघोळ करून तो बाहेर येतो तो त्याचा फोन थरथरत जमिनीवरून सरकत चाललेला. त्याच्या बायकोने, दर्शनाने, तो उचलून त्याच्या हातात दिला. "जर्मनीहून बाई आहेत. तिसऱ्यांदा. विचारतायत, तुमच्याकडे ज्वालामुखी आहे का?"

"कुठे?"

"लालबागला."

हितेंद्रने फोनवर नकाशा उघडला. मुंबईचा समुद्र कुलाबा ओलांडून, गिरगाव डावीकडे टाकून, थेट त्यांच्या चाळीत येऊन थांबला होता आणि अठ्ठ्याहत्तर अंशांवर तापला होता. त्याने मोरीपाशी पाहिले. नळी नव्हती.

"आई, इथली नळी कुठाय?"

कमळाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटण्यानेच शेगडीकडे खूण केली. "बोंबलाचो वास येय होतो तिका. गरम पाण्यात मीठ घालून बुडवून ठेवलंय. तुझे गोरे पाहुणे नाकाक रुमाल लावतले, तर आमची लाज जातली."

पातेल्यातून वाफा निघत होत्या. त्या वाफांमध्ये नळी प्रामाणिकपणे आपले काम करीत होती.

त्याने चिमट्याने ती बाहेर काढली आणि फोन कानाला लावून गॅलरीत धाव घेतली. आता जे बोलणे झाले, त्यातली फक्त हितेंद्रचीच बाजू बुधाजींच्या कानी पडली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

"मॅडम, लाल बावटा लागला... हो, सातही देशांनी... पहिला जपानने... हो, आपलं सगळं काम बंद पडलंय, कळतंय मला... पण मॅडम, मला आज कायम करणार होतात ना?... नाही? तपास होईपर्यंत नाही?"

बुधाजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. गिरण्या बंद पडल्यापासून संपाची अशी भाषा त्यांच्या कानावर आली नव्हती.

"सातही देशांत?" त्यांनी हळूच विचारले.

"हो, बाबा."

"जपान?"

"जपानने तर सकाळी सहालाच लावला."

"आणि सगळं बंद?"

"सगळं." हितेंद्र शर्टाच्या बाह्यांत हात कोंबत जिन्याकडे धावला. "आता फक्त मी काय करतो ते बघायचं!"

"तू एकटा काय करणार, झिला," बुधाजी त्याच्या पाठीकडे पाहत म्हणाले. "तू हो पुढे."

वरळीला बैठक सुरू झाली होती, आणि तिथले वातावरण लग्नात मानपानावरून अडलेल्या दोन घरांसारखे होते. सामायिक साठ्याचा करार दरसाल नव्याने होई आणि दरसाल तेच भांडण. प्रत्येकाला इतरांचे सगळे आकडे हवे असत, स्वतःचे विचारले की "आमचे अजून तपासणीत आहेत." अशात मुंबईने पातेल्यातले पाणी साठ्यात ओतले होते. न देणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले.

"असे आकडे येणार असतील," नॉर्वेच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तर आम्ही आमचे का द्यावेत?"

आरोहीबाईंनी हितेंद्रकडे पाहिले. तो उभा राहिला आणि त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरे ते सांगून टाकले : आई, बोंबील, गरम पाणी, मीठ. जपानच्या वृद्ध गृहस्थांनी सारे टिपून घेतले आणि मीठ किती घातले होते, असे अत्यंत गंभीरपणे विचारले. केनियाचे शास्त्रज्ञ खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

इतक्यात फाटकावरून घोषणा ऐकू आली.

"कोण म्हणतो देणार नाही?"

"घेतल्याशिवाय जाणार नाही!"

हितेंद्रला तो आवाज ओळखू आला आणि तो खिडकीकडे धावला. दोन टॅक्सींतून चाळीतले आठ-नऊ जुने गिरणी कामगार उतरले होते. त्यांत जिना उतरायला एरवी दोन माणसे लागतात असे तिघे होते. पुढे बुधाजी आणि त्यांच्या हातात, फरशी पुसण्याच्या काठीला बांधलेली, गादीची लाल खोळ.

"हे लोक काय म्हणतात?" नॉर्वेच्या बाईंनी विचारले.

आरोहीबाई क्षणभर थबकल्या. सरकारी खात्यात तीस वर्षे काढलेल्या बाईला एवढा अवधी पुष्कळ होतो. त्यांनी अचूक भाषांतर केले. "ते म्हणतात, कोण देत नाही ते पाहू. घेतल्याशिवाय जाणार नाही."

सातही देश एकमेकांकडे पाहू लागले.

"सामान्य नागरिक?" केनियाच्या शास्त्रज्ञांनी विचारले. "समुद्राच्या आकड्यांसाठी रस्त्यावर उतरले?"

"मुंबईत लोक फार जागरूक आहेत," आरोहीबाई म्हणाल्या.

पुढाऱ्याला आत बोलवावे असा सर्वांनी आग्रह धरला. बुधाजी आत आले, चपला दाराशी काढल्या, गोलाकार टेबलाभोवतीचे सात देश नजरेखालून घातले आणि मालकवर्ग बराच वाढल्याचे त्यांच्या लक्षात आले. हितेंद्र खुणा करीत होता. घाबरू नका, असे तो सांगतो आहे, असा त्यांनी अर्थ घेतला.

"आजोबा, आपली मागणी काय?" आरोहीबाईंनी विचारले.

"मागणी एकच. कायम करा. दरसाल कागद नवा करायचा आणि दरसाल माणसाला टांगून ठेवायचं, हे चालणार नाही. द्यायचं तर मोकळ्या हाताने द्या."

"बाबा, अहो—" हितेंद्रने तोंड उघडले. आरोहीबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की, ते आपोआप मिटले.

त्या पाहुण्यांकडे वळल्या. "ते म्हणतात, करार कायमचा करा. दरसाल नवा नको. आणि माहिती मोकळ्या हाताने द्या."

जपानच्या गृहस्थांनी उठून बुधाजींना वाकून नमस्कार केला. बुधाजींनीही केला, कारण गिरणीमालक असा वाकलेला त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिला. नॉर्वेच्या बाई म्हणाल्या की, आमचे आकडे तपासून झालेच आहेत म्हणा ना. तासाभरात कायमच्या करारावर सातही देशांच्या सह्या झाल्या. शेवटची सही होईपर्यंत बुधाजी खुर्चीवरून उठले नाहीत. पूर्वी एकदा सहीच्या आधी उठल्याने घोटाळा झाला होता, असे त्यांचे म्हणणे.

दुपारी हितेंद्रने पातेल्यातले आकडे साठ्यातून रद्द करवून घेतले आणि मुंबईपुढचा झेंडा पुन्हा हिरवा झाला. आरोहीबाईंनी त्याचे अभिनंदन केले आणि त्याच्या हातात पत्र ठेवले. त्याच्या नोकरीचा करार एक वर्षाने वाढवला होता. बाकीचे तपासानंतर.

संध्याकाळी तो जिना चढू लागला तेव्हा पहिल्या मजल्यावरच शेजारच्या सुभद्राकाकूंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. "कायम झालास म्हणे. बाबांनी अख्ख्या चाळीला वाटले. सात देशांच्या सह्या घेतल्या म्हणाले."

वर गॅलरीत बुधाजी खुर्चीत बसले होते. इतके ताठ ते गेल्या कित्येक वर्षांत बसले नव्हते. हितेंद्र त्यांच्यापाशी गेला, इकडेतिकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, कायम झाला तो देशांचा करार. मी नाही. मला परत एक वर्षच दिलंय."

बुधाजींनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाले, "हरकत नाही. लढा चालू ठेवायचा. सातही देशांत बावटा आहे ना अजून? मागणी मान्य होईपर्यंत उतरवायचा नाही."

हितेंद्र घुटमळला. "बाबा, तो मी दुपारीच उतरवला."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच जाऊन हिरवा करून घेतला."

बुधाजींनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. मग आत वळून म्हणाले, "कमळे, ऐकलंस? आपल्याच घरात संपफोड्या निघाला."

आणि त्यांनी हितेंद्रच्या हातातला पेढा काढून घेतला.